रंगांची ठेव

घराला रंग देण्याचें काम निम्म्यावर आलें कीं एक प्रसंग हटकून उद्भवतो. रंगाचा डबा संपतो. रंगारी दुकानांत जाऊन 'तोच' रंग घेऊन येतो, आणि भिंत वाळल्यावर गृहिणीच्या लक्षांत येतें कीं, खिडकीच्या डावीकडची भिंत व उजवीकडची भिंत या सख्ख्या बहिणी राहिल्या नसून चुलत बहिणी झाल्या आहेत. मग शोध सुरू होतो. पहिल्या डब्याचें झांकण कोठें गेलें? त्यावर रंगाचा क्रमांक होता. तें झांकण तर मुलांनीं केव्हांच गच्चीवर खेळावयास नेलेलें असतें. ज्या घरांत एखाद्या वडीलधाऱ्या माणसानें तो क्रमांक हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवलेला असतो, त्या घरांत हा प्रसंग हंसण्यावारी जातो. ज्या घरांत कोणीं टिपलेला नसतो, तेथें अख्खी भिंत पुन्हां रंगवावी लागते.

क्रमांक टिपून ठेवण्याची ही साधी गोष्ट आज असंख्य मुलें, आणि मोठीं माणसेंही, एका निराळ्याच ठिकाणीं करीत असतात. तें ठिकाण म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील घर. व्हिडिओ गेम म्हटला कीं धांवाधांव, गोळीबार आणि कर्कश आवाज यांचेंच चित्र बहुतेक पालकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या खेळांचा एक मोठा वर्ग असा आहे कीं, त्यांत कोणाला मारावयाचें नसतें, बांधावयाचें असतें. भिंती उभाराव्या, छप्पर घालावें, बाग लावावी, पडदे टांगावे, आणि सर्वांना मनाजोगे रंग द्यावे, एवढाच त्या खेळाचा उद्योग. त्यांत हारजीत नसते. काम संपलें असें केव्हां म्हणावयाचें, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.

अशा खेळांपैकीं एकाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९९१ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत ओकलंड व बर्कले या शहरांलगतच्या टेकड्यांवर वणवा पेटला. २५ माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि सुमारे ३,००० घरें भस्मसात् झालीं. त्यांत एक घर विल राइट या खेळरचनाकारांचें होतें. शहरें वसविण्याचा त्यांचा 'सिमसिटी' हा खेळ दोनच वर्षांपूर्वीं, १९८९ सालीं, प्रसिद्ध झाला होता. घर जळाल्यावर नव्यानें संसार मांडतांना राइट यांच्यापुढें प्रश्न उभा राहिला कीं, माणसाला वस्तु लागतात त्या कोणत्या, आणि कां? या विचारांतून जो खेळ आकाराला आला, तो 'द सिम्स' या नांवानें २००० सालीं बाहेर पडला. पडद्यावरच्या चिमुकल्या माणसांसाठीं घर बांधावयाचें, तें सजवावयाचें आणि त्यांचा संसार चालवावयाचा, असें त्याचें स्वरूप आहे. राखेंतून पुन्हां घर उभें करणाऱ्याला विटा मिळतात, लांकूड मिळतें, सिमेंट मिळतें. जुन्या दिवाणखान्याचा नेमका रंग मात्र मिळत नाहीं. तो कोणाच्या मनांत असला तरी कोणाच्या वहींत नसतो.

खेळाडूंच्या बोलींत एकमेकांशीं जुळवून ठेवलेल्या रंगांच्या समूहाला 'पॅलेट' म्हणतात. चित्रकार ज्या फळीवर रंग कालवितो, तिचें तें नांव. मराठींत त्याला रंगसंच म्हणतां येईल. एकदां परिश्रमानें जमविलेला रंगसंच सांठवून ठेवणें, आणि पुढच्या घरासाठीं तो पुन्हां बाहेर काढणें, ही आतां एक स्वतंत्र कलाच होऊन बसली आहे. ती कला खेळाखेळांत कशी पालटते, तें पाहिलें म्हणजे तिचें मर्म कळतें.

रंगांच्या बाबतींत या खेळांचे दोन पंथ आहेत. एका पंथांत रंग रचनाकारानें ठरवून दिलेले असतात. खेळाडूनें त्यांतून निवड करावयाची. दुसऱ्या पंथांत रंग खेळाडूनेंच कालवावयाचे असतात.

पहिल्या पंथाचें सुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्वीडनमधील मोजांग कंपनीचा 'माइनक्राफ्ट'. २००९ सालीं तो प्रथम लोकांपुढें आला आणि २०११ च्या नोव्हेंबरांत पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. त्यांतील जग घनाकृति ठोकळ्यांचें असून प्रत्येक ठोकळ्याची लांबी, रुंदी व उंची एक मीटर धरलेली आहे. रंगद्रव्यें मोजून सोळा. खसखशीच्या जातीच्या तांबड्या फुलापासून तांबडा रंग निघतो. निवडुंग भट्टींत भाजला कीं हिरवा मिळतो. वाळूचे चार, खडीचे चार आणि रंगाचा एक असे भाग एकत्र केले म्हणजे काँक्रीटच्या भुकटीचे आठ ठोकळे होतात, व त्यांना पाण्याचा स्पर्श होतांच तें काँक्रीट घट्ट होतें. परंतु तेंच तांबडें द्रव्य काँक्रीटला दिलें तर ठसठशीत दिसतें, आणि भाजलेल्या मातीला दिलें तर विटकरी व मवाळ दिसतें. म्हणून येथील जाणता खेळाडू रंगाचा विचार न करतां पदार्थाचा विचार करतो. त्याचा रंगसंच म्हणजे करड्या दगडाचे दोन प्रकार, एक गडद लांकूड, एक फिकट लांकूड आणि उठावासाठीं निळी चकचकीत फरशी, अशी सामानाची यादीच असते.

या खेळांत रंग सांठविण्याचा एक मौजेचा उपाय मेंढरांच्या रूपानें आहे. मेंढराला एकदां रंग लावला कीं लोकर कातरल्यानंतर जी नवी लोकर येते, तीही त्याच रंगाची येते. इतकेंच नव्हे, तर तांबड्या व पिवळ्या मेंढरांचें कोकरूं नारिंगी निघतें. सोळा वाड्यांत सोळा रंगांचीं मेंढरें पाळणारा खेळाडू हा एका जिवंत रंगपेटीचाच धनी म्हणावयाचा! त्याला दर वेळीं फुलें शोधीत रानोमाळ हिंडावें लागत नाहीं. मात्र हीं मेंढरें एका जगांत पाळलेलीं असतात. खेळाडूनें दुसरें जग मांडलें कीं तेथें त्याचे वाडे ओस असतात.

ही अडचण २०१७ च्या जून महिन्यांत निघालेल्या १.१२ या आवृत्तीनें बरीच दूर केली. त्या आवृत्तीला 'वर्ल्ड ऑफ कलर', म्हणजे रंगांचें जग, असेंच नांव देण्यांत आलें होतें. खेळाडूच्या हाताशीं नऊ खणांची एक पट्टी असते. त्या खणांत तो लागणारे ठोकळे मांडून ठेवतो. संगणकावरील जावा आवृत्तींत, सामानाची तोशीस नसलेल्या 'क्रिएटिव्ह' प्रकारांत, ही सबंध पट्टी जपून ठेवण्याची सोय झाली. 'सी' ही कळ दाबून धरून १ ते ९ यांपैकीं एक आंकडा दाबला कीं पट्टी त्या आंकड्याखालीं सांठविली जाते; 'एक्स' ही कळ धरून तोच आंकडा दाबला कीं ती परत येते. नऊ खणांच्या नऊ पट्ट्या, म्हणजे एकूण ८१ जागा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या पट्ट्या कोणत्याही एका जगाच्या नसतात. संगणकांतील एका लहानशा स्वतंत्र फाईलमध्यें त्या राहतात, आणि खेळाडू ज्या जगांत जाईल तेथें त्याच्या पाठोपाठ येतात. गवंड्याची थैली जशी त्याच्या खांद्यावर असते, बांधलेल्या घरांत राहून जात नाहीं, तसेंच हें आहे.

दुसऱ्या पंथाचा थोर नमुना म्हणजे 'द सिम्स' या मालिकेंतील तिसरा खेळ. तो २००९ च्या जून महिन्यांत प्रसिद्ध झाला. त्यांत 'क्रिएट-अ-स्टाईल' नांवाचें एक साधन होतें. खुर्ची, गालिचा, भिंतीचा कागद, पायांतील जोडे, कोणतीही वस्तु घ्यावी. तिचे बहुधा तीन-चार भाग केलेले असत. प्रत्येक भागाला लांकूड, कापड, दगड, कातडें अशांपैकीं एक पोत द्यावा, आणि मग त्या पोताचा रंग वर्तुळाकार रंगचक्रावरून पाहिजे तसा फिरवावा. सागवानी खुर्चीला जांभळी गादी हवी असो, वा जांभळ्या खुर्चीला सागवानी गादी हवी असो, खेळ हरकत घेत नसे.

या स्वातंत्र्याचा पसारा किती होता, तें थोड्या गणितानें ध्यानांत येतें. संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणानें होतो. प्रत्येक प्रकाशाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. तिन्हींचा गुणाकार केला म्हणजे १,६७,७७,२१६ रंग होतात. यांतील प्रत्येक रंगाला सहा चिन्हांचा एक क्रमांक असतो. तो दशमान पद्धतीनें न लिहितां षोडशमान पद्धतीनें लिहितात. तींत ० ते ९ हे दहा आंकडे व 'ए' पासून 'एफ' पर्यंत सहा इंग्रजी अक्षरें अशीं सोळा चिन्हें असतात. उदाहरणार्थ, 'सी८ ८४ १ई' हा क्रमांक घ्यावा. पहिली जोडी तांबड्या प्रकाशाची. 'सी' म्हणजे बारा. बारा सोळे १९२ आणि आठ मिळून २००. दुसरी जोडी हिरव्या प्रकाशाची. आठ सोळे १२८ आणि चार मिळून १३२. तिसरी निळ्याची, एक सोळा व 'ई' म्हणजे चौदा, मिळून ३०. तांबडा भरपूर, हिरवा मध्यम, निळा नांवाला. असें हें मिश्रण पडद्यावर जुन्या पितळेसारखें किंवा काळवंडत चाललेल्या हळदीसारखें दिसतें. 'हळदीसारखा' या शब्दानें दहा माणसें दहा रंग मनांत आणतील. 'सी८ ८४ १ई' म्हटल्यानें मात्र संगणक दरवेळीं तोच एक रंग मांडील.

खेळाडूनें जमविलेली रंगरचना या खेळांत दोन मार्गांनीं जपतां येई. वस्तूची सबंध सजावट त्या वस्तूच्या नांवाखालीं सांठवितां येई, म्हणजे पुढच्या घरांत ती वस्तु काढतांच तयार सजावटींच्या शेजारीं स्वतःची सजावटही दिसे. किंवा एका वस्तूवरील पोत व रंग उचलून दुसऱ्या वस्तूवर नेऊन सोडतां येत. परंतु येथें नवशिका फसे. कोचासाठीं सांठविलेली सजावट कोचाचीच राहते. ती आपण होऊन पडद्यावर चढत नाहीं. पडद्यालाही तोच रंग हवा, तर तो ओढून न्यावा लागे, किंवा क्रमांक ठाऊक असला तर लिहून भरावा लागे. म्हणून या खेळांतील मुरलेले लोक शेजारीं कागद-पेन्सिल ठेवीत. जगांतील अत्यंत नव्या यंत्रासमोर बसून माणूस शेवटीं वहीकडेच वळतो, ही गोष्ट कित्येकांना हास्यास्पद वाटेल. परंतु त्याचें कारण माणसाच्या डोळ्यांतच आहे.

माणसाचा डोळा रंगांची तुलना करण्यांत जितका निष्णात, तितकाच रंग आठवून ठेवण्यांत दुबळा आहे. दोन छटा शेजारींशेजारीं ठेवल्या तर अगदीं बारीक फरकही त्याला कळतो. परंतु एक छटा आज पाहिली व दुसरी उद्यां पाहिली, तर तो हवालदिल होतो. साडीवरील चोळीचें कापड आणावयास निघालेली स्त्री पदराचा तुकडा बरोबर नेते, ती उगाच नव्हे. तिला आपल्या नजरेवर विश्वास आहे, स्मरणावर नाहीं.

त्यांत आणखी एक गुंता असा कीं, रंग एकटा कधींच दिसत नाहीं. फ्रान्समध्यें मिशेल शेव्हरल नांवाचे एक थोर रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले. १७८६ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांना १०२ वर्षांचें आयुष्य लाभलें. १८२४ सालीं पॅरिसच्या गोब्लँ या प्रख्यात चित्रपट विणण्याच्या कारखान्यांत रंगखात्याचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथें त्यांच्याकडे एक तक्रार आली कीं, निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठीं वापरलेला काळा धागा फिका पडतो. त्याला जोर नाहीं. शेव्हरल यांनीं तो काळा धागा इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशीं ताडून पाहिला. रंगांत कांहींएक खोट आढळली नाहीं. खोट शेजाराची होती! निळ्या-जांभळ्याच्या संगतींत काळा आपलें तेज हरवून बसत होता. या शोधावर त्यांनीं १८३९ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पुढें चित्रकारांनीं आवर्जून अभ्यासला.

पडद्यावरील घरांतही शेव्हरल यांचा नियम चुकत नाहीं. पांढऱ्या भिंतीसमोर प्रसन्न दिसणारा पिवळा कोच हिरव्या भिंतीसमोर आजारी दिसूं लागतो. खेळांत सूर्य उगवतो व मावळतो; सकाळीं शांत वाटणारी निळी खोली सायंकाळच्या दिव्यांत राखी होते. लांकडाच्या रेषांवर चढविलेला रंग कापडावर चढविला कीं निराळा भासतो, कारण पोतांतील उजेड-सावली त्या रंगांत मिसळते. आणि एका घरच्या पडद्यावर जो क्रमांक सौम्य दिसतो, तोच शेजारच्या घरीं भडक दिसतो, कारण पडदे सारखे नसतात. क्रमांक अचूक असला तरी दर्शन अचूक असेलच असें नाहीं.

यावरून रंगसंच सांठविणें म्हणजे काय, याचा उलगडा होतो. एकेकटा रंग जपून फारसें साधत नाहीं. रंगांमधलें नातें जपावें लागतें. कोणता रंग भिंतीचा, म्हणजे पुष्कळ. कोणता लांकडाचा, म्हणजे मध्यम. आणि कोणता केवळ एका उशीचा किंवा दाराच्या मुठीचा, म्हणजे चिमूटभर, हें प्रमाणही त्याबरोबर टिपलेलें असावें. मीठ, गूळ आणि चिंच यांचीं नांवें लिहिल्यानें आमटी होत नाहीं. प्रमाण लिहावें लागतें.

खऱ्या घरांच्या बाबतींत हा विचार एका मोठ्या वास्तुशिल्पज्ञानें फार पूर्वीं केला होता. चंडीगड शहराच्या रचनेमुळें भारतांत परिचित झालेले ल कॉर्ब्युझिए यांनीं १९३१ सालीं सालुब्रा या स्विस कंपनीच्या भिंतीच्या कागदांसाठीं ४३ रंगांचा एक संग्रह तयार केला. १९५९ सालीं त्यांनीं त्यांत आणखी २० रंगांची भर घातली. पहिल्या संग्रहांतील रंगांची मांडणी त्यांनीं वाद्याच्या सुरांच्या पट्टीसारखी केली होती, आणि सोबत खिडक्या कापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या दिल्या होत्या. पट्टी रंगांच्या पानावर सरकवीत नेली कीं इतर रंग झांकले जात आणि जुळणारे दोन-तीनच खिडकींतून दिसत. घरमालकाला त्या कोट्यवधि शक्यतांच्या रानांत सोडून न देतां, तज्ज्ञानें पारखलेल्या निवडक पायवाटा त्याच्या हातीं देण्याचा हा प्रयत्न होता. आजच्या खेळाडूचा सांठविलेला रंगसंच म्हणजे त्याच पट्टीची घरगुती आवृत्ति आहे. फरक एवढाच, कीं पायवाट त्यानें स्वतः पाडलेली असते.

ज्यांच्या डोळ्यांना तांबड्या-हिरव्यांतील भेद नीट कळत नाहीं, त्यांच्या बाबतींत तर ही सोय केवळ सोय राहत नाहीं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे लोक शंभरांत सुमारे आठ असतात. अन्य वंशांतही ते आहेतच. अशा मुलाला दर वेळीं रंगचक्रावरून 'विटकरी' शोधावयास सांगणें म्हणजे त्याची परीक्षा पाहणें होय. तोच रंग एकदां कोणाच्या मदतीनें निवडून, त्याला नांव व क्रमांक देऊन ठेवला, तर तें मूल पुढें कोणालाही न विचारतां आपलें घर रंगवूं शकतें.

आतां या ठेवीवर कोणकोणतीं संकटें येतात, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिलें संकट रचनाकाराकडून येतें. माइनक्राफ्टच्या ज्या १.१२ आवृत्तीनें पट्ट्या सांठविण्याची सोय दिली, त्याच आवृत्तीनें लोकरीच्या सोळाही रंगांच्या छटा बदलल्या. ज्यांनीं महिनोन् महिने खपून लोकरीचीं चित्रें आणि तंबू उभारले होते, त्यांनीं नवी आवृत्ति उघडली तेव्हां एकही ठोकळा हललेला नव्हता, आणि तरीही चित्र पूर्वींचें राहिलें नव्हतें. कित्येकांना नवे रंग अधिक आवडले, हेंही खरें. परंतु आवडणें वेगळें आणि विचारणें वेगळें. दिलेल्या रंगांवर घर बांधणारा खेळाडू भाड्याच्या घरांत राहतो. घरमालक केव्हां भिंती रंगवील, याचा नेम नसतो.

दुसरें संकट याहून मोठें. २०१४ च्या सप्टेंबरांत 'द सिम्स'चा चौथा खेळ प्रसिद्ध झाला, आणि त्यांत 'क्रिएट-अ-स्टाईल' हें साधन ठेवलेलें नव्हतें. त्याच्या जागीं प्रत्येक वस्तूला ठराविक तयार रंग देण्यांत आले. तिसऱ्या खेळांत त्या साधनाचा संगणकावर भार पडे व पुष्कळांचे संगणक रखडत; त्या मानानें नवा खेळ हलका चालला. या सुटसुटीतपणाचें मोल थोडें नव्हतें. परंतु ज्यांनीं पांच वर्षांत आपले रंगसंच जमविले होते, त्यांची ती ठेव जुन्या खेळांतच अडकून पडली. तयार रंगांत या कंपनीच्या कोचाचें लांकूड आणि त्या मेजाचें लांकूड जुळेना, ही कुरकुर पुढें वर्षानुवर्षें ऐकूं येत राहिली. त्या मागणींत जीव होता, हें पुढें दिसून आलें. २०२५ सालीं दक्षिण कोरियांतील क्राफ्टन कंपनीचा 'इनझोई' हा याच जातीचा खेळ अपूर्णावस्थेंतच विक्रीस आला, तेव्हां वस्तूंचे रंग व पोत खेळाडूला स्वतः बदलतां येणें हें त्याचें एक मोठें आकर्षण ठरलें.

या दोन संकटांत ज्यांचें सर्वस्व गेलें आणि ज्यांचें थोडेंच गेलें, त्यांच्यांतील भेद पाहण्यासारखा आहे. ज्यांनीं आपली ठेव केवळ खेळाच्या पोटांत ठेवली होती, त्यांची ती खेळाबरोबर मागें राहिली. ज्यांनीं सहा चिन्हांचे क्रमांक वहींत उतरविले होते, त्यांच्याजवळ रंग शिल्लक राहिले. कारण तो क्रमांक कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाहीं. चित्रें काढण्याचे कार्यक्रम तो जाणतात, छापखान्यांतील मांडणीकार तो जाणतात, आणि उद्यां निघणारा नवा खेळही बहुधा तो जाणील. पोत, नक्षी आणि सजावट यांचें मात्र तसें नाहीं. तीं त्या त्या खेळाचींच असतात. म्हणून ज्यास आपली निवड टिकवावयाची आहे, त्यानें ती अशा भाषेंत लिहावी कीं जी दुकान बंद झालें तरी वाचतां येईल.

व्यवहारांत यासाठीं फार खटाटोप करावा लागत नाहीं. एका संचांत पांच-सहापेक्षां अधिक रंग नसावेत; अधिक असले तर तो संच राहत नाहीं, गर्दी होते. प्रत्येक रंगापुढें त्याचा क्रमांक, त्याचें काम आणि त्याचें अंदाजी प्रमाण लिहावें. संचाला नांव देतांना 'पहिला', 'दुसरा', 'नवा', 'अगदीं नवा' अशीं नांवें देऊं नयेत. सहा महिन्यांनीं त्यांचा अर्थ देणाऱ्यालाही कळत नाहीं. 'पावसाळ्यांतील कौलें' किंवा 'आजोळचें माजघर' असें नांव दिलें कीं रंग डोळ्यांपुढें उभे राहतात. खेळांतल्या जगांत एक कोपरा राखून तेथें नमुन्याची लहानशी भिंत बांधावी, आणि त्या भिंतीचें चित्र सकाळच्या व सायंकाळच्या उजेडांत टिपून ठेवावें. रंगसंचाची फाईल निराळी असेल तर तिची एक प्रत संगणकाबाहेर ठेवावी. संगणक बिघडण्यापूर्वीं वर्दी देत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जुना संच दुरुस्त करावासा वाटला तर तो खोडूं नये. नव्या नांवानें दुसरा करावा. खोडलेला रंग परत येत नाहीं, हा अनुभव बहुतेकांना एकदां तरी येतोच, आणि दुसऱ्यांदा येऊं नये एवढीच काळजी घ्यावयाची असते.

येथें एक आक्षेप संभवतो. जमलेले रंग जपून तेच तेच वापरले, तर कल्पकता मरणार नाहीं काय? दहा घरें बांधावीं आणि दहाहि एकाच तोंडवळ्याचीं दिसावीं, यांत कसली कला? आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु गवयाकडे पाहावें. रागाचे सूर ठरलेले असतात. ते तो रोज नव्यानें शोधीत बसत नाहीं. सूर ठरलेले असतात म्हणूनच त्याचें सारें लक्ष विस्ताराकडे लागूं शकतें, आणि तोच राग सोमवारीं व गुरुवारीं सारखा ऐकूं येत नाहीं. रंगसंचाचेंही असेंच आहे. ज्या खेळाडूची निम्मी संध्याकाळ कालचा रंग पुन्हां हुडकण्यांत जाते, तो घर बांधीत नसतो. तो हरवलेली किल्ली शोधीत असतो. किल्ली खुंटीवर असली म्हणजे मन दाराच्या पलीकडे जातें. संच हाताशीं असल्यानें एखाद्या मुलीला आज तेच रंग उलट्या प्रमाणांत वापरून पाहण्याचें धैर्य होतें, कारण जमलें नाहीं तर परतावयाची वाट तिला ठाऊक असते.

शिवाय जपलेला रंगसंच दुसऱ्याला देतां येतो. थोरल्या बहिणीनें जमविलेले रंग धाकट्या भावानें आपल्या किल्ल्याला द्यावे, परगांवीं शिकावयास गेलेल्या मुलानें घरच्या स्वयंपाकघराचे रंग आपल्या पडद्यावरील खोलींत आणावे, असें घडूं शकतें, आणि त्यास एका पोस्टकार्डाइतकीही जागा लागत नाहीं. सहा चिन्हांच्या पांच ओळी पुरतात. देणाऱ्याचें त्यांत कांहीं कमी होत नाहीं. घेणारा मात्र पहिल्याच दिवशीं चार रंगांचें कौशल्य घेऊन कामाला लागतो, आणि पांचवा रंग स्वतःच्या मनानें बदलतो. बहुतेक घरगुती कला अशाच पसरल्या आहेत. लोणच्याची कृति आणि विणकामाचा नमुना यांनींही हीच वाट धरली होती.

म्हणून पडद्यासमोर बसलेलें मूल वहींत 'सी८ ८४ १ई' असें कांहींतरी गूढ लिहितांना दिसलें, तर आईवडिलांनीं चिंता करण्याचें कारण नाहीं. त्या घरांत कोणीतरी डब्याच्या झांकणावरील क्रमांक उतरवून घेत आहे. पुढच्या दिवाळीपूर्वीं खऱ्या भिंतींना रंग देण्याची वेळ आली, म्हणजे तीच वही त्याच्याकडून मागून घ्यावी, आणि शेवटच्या पानावर या खेपेचाही क्रमांक त्याच्याच हातानें लिहवून घ्यावा.